माझं न्हाई लिवा

माझं अक्षर बरं नसतं तर पुढचं काहीच माझ्या हातून घडलं नसतं, ही पळवाट मी बरीच वर्षं वापरली. आता तिचाही कंटाळा आला आहे, म्हणून जे झालं ते सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिरूर तालुक्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेवर इतिहासाचा शिक्षक म्हणून लागलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि मीही अजून आहे. राहायला दौंडला होतो. रोज सकाळी दौंडहून चौफुला, तिथून शिरूरकडे जाणारी एसटी, आणि पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडला की तालुका बदलायचा. जाऊन येऊन तीन-साडेतीन तास गाडीत जायचे. वाचन मात्र भरपूर व्हायचं.

शाळा सरकारची नव्हती आणि कोणा बड्या संस्थेचीही नव्हती. गावानंच संस्था काढली होती. घरटी एक असे पन्नासेक सभासद, त्यांनी दर तीन वर्षांनी निवडायचं कार्यकारी मंडळ आणि त्या मंडळाचा अध्यक्ष. संस्थेची छापील घटना होती. ती ऑफिसातल्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली सापडायची नाही.

शाळेची जागा आबांनी दिलेली. आबा धनगर. त्यांचे वडील मेंढरं घेऊन दर साली कोकणात उतरायचे. आबांच्या उमेदीच्या काळात कॅनॉलचं पाणी आलं, घर एका जागी स्थिरावलं, मेंढरं गेली आणि ऊस-कांदा आला. रस्त्याकडेची जी दीड एकर जमीन पूर्वी मेंढरं बसवायला होती, ती त्यांनी शाळेला लिहून दिली. स्वतः एक दिवस शाळेत गेले नव्हते. अट एकच घातली होती आणि तीही तोंडी, की शाळा गावाची राहिली पाहिजे. सकाळची रानातली कामं उरकली की आबा येऊन नववीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात बसायचे आणि तंबाखू मळत माझा तास ऐकायचे. सुरुवातीला मला याचा राग यायचा. शाळातपासणीला कोणी येऊन बसल्यासारखं वाटायचं.

नववीच्या इतिहासात जर्मनीचा धडा होता, दीड पानाचा. पहिल्या महायुद्धात हरलेला देश, पळून गेलेला राजा, वायमार नावाच्या गावी बसून लिहिलेली नवी घटना, आणि चौदा वर्षांत त्या लोकशाहीची झालेली हुकूमशाही. परीक्षेला ‘कारणे लिहा’ मध्ये हा प्रश्न हमखास. पाच मुद्दे पाठ केले की पाच गुण. मला ते दीड पान पुरायचं नाही. पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, मागचा पुठ्ठा गेलेलं. ते मी वर्षभर एसटीत वाचलं आणि त्यानंतर दीड पानाचे पाच तास करायला लागलो.

मी सांगायचो की ती लोकशाही बाहेरून येऊन कोणी पाडली नाही. सरकारं वर्षा-सहा महिन्यांत कोसळायची. आधी नोटा कागदाच्या मोलाच्या झाल्या, मग बेकारी आली. संसदेत बहुमत जमेना, तेव्हा म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षानं घटनेतलं आणीबाणीचं कलम काढलं आणि नुसत्या सहीवर कारभार सुरू झाला. लोकांना त्याची सवय लागली. रोजच्या भांडणांपेक्षा ते बरं वाटलं. मग काही जुन्या मुरब्बी पुढाऱ्यांनी ठरवलं की हा जो सभा गाजवणारा माणूस आहे त्यालाच सरकारचा प्रमुख करू, वेसण आपल्या हातात ठेवू. दोन महिने व्हायच्या आत वेसण कोणाच्या नाकात आहे ते त्यांना कळलं. मध्येच संसदेची इमारत जळाली. त्या निमित्तानं एका हुकमानं लोकांचे हक्क काढून घेतले, विरोधकांना धरून नेलं. आणि मग एका नाट्यगृहात संसद भरली. तिच्यापुढे ठराव असा, की कायदे करायचे सर्व अधिकार सरकारच्या हाती द्यावेत. भिंतींना लागून त्याच्याच पक्षाची तपकिरी सदऱ्यांतली माणसं उभी होती. एकाच पक्षानं विरोधात मत दिलं. चौऱ्याण्णव जण. बाकीच्यांनी हो म्हणून टाकलं.

इथं मी थांबायचो. फळ्यावर ९४ हा आकडा मोठा काढायचो आणि वर्गाकडे वळून विचारायचो, ‘‘तिथली शिकलेली माणसं काय करत होती?’’ हा प्रश्न मला फार आवडायचा. त्याचं उत्तर कोणाला यायचं नाही, आणि येऊ नये अशीच माझी इच्छा असायची.

एकदा तास संपवून बाहेर आलो तर आबा उठून उभे राहिले.

‘‘मास्तर, त्या चौऱ्यान्नव जनांचं फुडं काय झालं?’’

‘‘काही तुरुंगात गेले, आबा. काही देश सोडून गेले. काहींना मारलं.’’

‘‘आन् ते नको म्हनले ह्ये तुमास्नी कसं कळलं?’’

‘‘लिहून ठेवलंय ना. मतं मोजली आणि कारकुनानं नोंदवली.’’

‘‘त्याच्याच राज्यात? त्याच्याच इरोधातली?’’

‘‘हो.’’

आबांनी चिमूट दाढेखाली धरली आणि बराच वेळ फळ्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. ‘‘कारकून भला मानूस असंल,’’ ते म्हणाले आणि रानाकडे निघून गेले.

आमच्या संस्थेचं त्या वेळी काही बरं चाललं नव्हतं. गावातल्या दोन आळ्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं. चार वर्षांत तीन अध्यक्ष झाले. सभा बोलवावी तर कोरम भरायचा नाही, आणि भरला तर भांडण व्हायचं. वळवाच्या वाऱ्यानं दोन वर्गांवरचे पत्रे उडाले. ते कोणी बसवायचे यावर तीन सभा झाल्या आणि तेवढ्यात पावसाळा संपला. आठवीची मुलं तो सगळा पावसाळा व्हरांड्यात दाटीवाटीनं बसली. मुलींसाठी मुतारी नव्हती. तो विषय दर सभेला यायचा आणि हसण्यावारी जायचा. ज्याला त्याला वाटायचं की कोणीतरी एक खमका माणूस पाहिजे. मलाही वाटायचं. वर्गात जर्मनी शिकवून आलेला मी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता हे मोठ्यानं बोलूनही दाखवायचो.

तसा माणूस मिळाला. गावचाच, पंचेचाळिशीतला, सणसवाडीकडच्या कारखान्यांना माणसं आणि गाड्या पुरवणारा. पुढच्या निवडणुकीत तो बिनविरोध अध्यक्ष झाला आणि गावानं गुलाल उधळला. आमच्याकडे बिनविरोध या शब्दाचं फार कौतुक आहे. विरोधच झाला नाही म्हणजे सगळं उत्तम झालं, असं सगळे धरून चालतात.

त्याला मी वाईट माणूस म्हणून रंगवणार नाही. तसं केलं तर मी फार स्वस्तात सुटेन. पहिल्या आठवड्यात पत्रे बसले. महिन्याच्या आत मुलींची मुतारी उभी राहिली, आत नळासकट. शिक्षकांशी तो अदबीनं बोलायचा. ‘‘सर, दौंडहून येता, हाल होतात तुमचे,’’ असं मला म्हणणारा तो पहिला अध्यक्ष. माझ्या कायम नोकरीच्या मान्यतेचा कागद दोन वर्षं धूळ खात पडला होता, तो त्यानं स्वतः गाडी काढून पुण्याला नेला आणि सही-शिक्क्यासह परत आणला. बायकोनं त्या दिवशी पुरणपोळी केली. मी त्याच्यावर बेहद्द खूश होतो.

आता वहीबद्दल सांगायला हवं. सभेच्या इतिवृत्ताला आमच्याकडे प्रोसिडिंग म्हणतात, आणि ते लिहायची एक रीत आहे. सभासद आला की आधी वहीत त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, म्हणजे कोरम भरल्याचं दिसतं. सह्यांच्या वर मजकुराला जागा सोडलेली असते. सभा होते, माणसं घरी जातात, आणि एक-दोन दिवसांनी बऱ्या अक्षराचा एखादा मास्तर सवडीनं तो मजकूर भरतो. शाळा असो, सोसायटी असो, भजनी मंडळ असो, सगळीकडे हेच. कोणाला यात वावगं वाटत नाही. आणि प्रत्येक ठराव एकाच वाक्यानं संपतो: ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ सभेत सदरे फाटलेले असले तरी वहीत सर्वानुमतेच असतं.

ती सभा दुपारी दहावीच्या वर्गात होती. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसली होती. आबांनी आल्या आल्या शाईच्या डबीत अंगठा बुडवून वहीत उठवला आणि धोतराला पुसला. विषय एकच होता. संस्थेच्या हितासाठी साधारण सभेचे आणि कार्यकारी मंडळाचे सर्व अधिकार माननीय अध्यक्षांना देणे.

अध्यक्ष उभा राहिला आणि साध्या आवाजात बोलला. ‘‘सारख्या सभा, सारखा कोरम, सारखी भांडणं. तुमचीही कामं खोळंबतात. मला एकट्याला काम करू द्या. शाळा कुठच्या कुठे नेऊन दाखवतो.’’

‘‘मान्य, मान्य,’’ असा आवाज झाला. टाळ्याही पडल्या. मी टाळी वाजवली की नाही ते आठवत नाही, म्हणजे वाजवली असणार.

आबा उठले. ‘‘मला मान्य न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी काम चांगलं करताय, त्याला माझं काय म्हननं न्हाई. पन मुदत घाला. शेजारी बैल मागाय आला तरी कवा आनून देनार, ह्ये इचारतो आपुन. हितं सारी शाळाच देताय, आन् परत कवा मिळनार ह्ये कुनीच इचारंना.’’

लोक हसले. अध्यक्षही हसला. तो बाकांमधून वाट काढत आला आणि वाकून आबांच्या पाया पडला. ‘‘आबा, तुम्ही वडीलधारे. तुमच्या जागेवर ही शाळा उभी आहे.’’ पुन्हा टाळ्या.

‘‘पाया पडू नका,’’ आबा म्हणाले. ‘‘मुदत घाला.’’

मग मतं घेतली. मान्य असलेल्यांनी हात वर केले. मान्य नसलेल्यांनी, म्हटल्यावर आबांचा एकच हात वर झाला, त्याच्या अंगठ्यावर शाई. अध्यक्षानं त्या हाताकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘आबांचा विरोध नाही. काळजी आहे त्यांना शाळेची. सर, लिहा, सर्वानुमते.’’

आबा माझ्याकडे वळले. मी पहिल्या बाकावर वही घेऊन बसलो होतो.

‘‘मास्तर, माझं न्हाई लिवा.’’

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला मी वही घेऊन बसलो. मला कोणी धमकावलं नव्हतं. ऑफिसात मी एकटा होतो आणि खिडकीतून मुलांच्या कवायतीचा आवाज येत होता. आबांचा विरोध लिहायला एक ओळ लागली असती. मी पेन उचललं, मनाशी म्हटलं की एका हातानं असा काय फरक पडतो, आणि ज्यानं आपला कागद पुण्याहून आणून दिला त्याच्या पहिल्याच मोठ्या ठरावाला गालबोट कशाला. साधकबाधक चर्चा असं लिहितोच आहोत, त्यातलं बाधक म्हणजे आबाच, अशीही मी समजूत घातली. आणि सर्वानुमते लिहिलं. ते पान मी फार सुरेख लिहिलं. समास आखला, मथळ्याखाली दोन रेघा ओढल्या. खाली आबांचा अंगठा होताच.

आठवड्यानं आबांनी व्हरांड्यात विचारलं, ‘‘लिवलं का, मास्तर?’’

‘‘लिहिलं, आबा.’’

‘‘मंग बरं झालं,’’ ते म्हणाले आणि पुन्हा तास ऐकत बसले.

पुढची चार-पाच वर्षं मी पोटापुरता आंधळा होतो. जर्मनीत त्या मतदानानंतर चार महिन्यांत बाकीचे सगळे पक्ष संपले. काहींवर बंदी आली आणि काही आपणहून मोडले. आमच्याकडे एवढंही करावं लागलं नाही. सभाच झाल्या नाहीत. निवडणुकीचं वर्ष आलं आणि गेलं. अध्यक्षानं आपल्या अधिकारात घटना बदलली, अध्यक्षपद तहहयात झालं. पन्नास सभासदांचे नऊ उरले, त्यातले सहा त्याच्या घरचे. बाकीच्यांची नावं सभांना सतत गैरहजर म्हणून कमी केली. ज्या सभा बोलावल्याच नव्हत्या, त्यांना गैरहजर. ते पानही मीच लिहिलं. त्यात चौथं नाव आबांचं होतं.

एवढ्यात रांजणगावची एमआयडीसी जोरात आली. कारेगावात खोल्या मिळेनात. कारखान्यांचे साहेब लोक शिरूरला बिऱ्हाडं करायला लागले, आणि त्यांच्या मुलांना इंग्रजी शाळा हवी होती. पक्क्या इमारतीत फीवाली इंग्रजी शाळा सुरू झाली आणि तिला पिवळी बस आली. गावाची मराठी शाळा मागच्या बाजूला दोन पत्र्यांच्या खोल्यांत गेली. वाड्या-वस्त्यांवरची मुलं हळूहळू दुसऱ्या गावांना जायला लागली. ज्यांना जमलं नाही ती घरी बसली, आणि त्यांत मुलीच जास्त होत्या. मला पर्यवेक्षक केलं. पक्क्या इमारतीत टेबल मिळालं, वर पंखा.

आबा एके दिवशी नेहमीसारखे व्हरांड्याकडे निघाले, तर फाटकावर नवा वॉचमन होता, परप्रांतातला. त्यानं काठी आडवी धरली आणि विचारलं, ‘‘किधर जाना है, बाबा?’’ मी वरच्या खिडकीतून पाहत होतो. आबांनी त्याला काहीतरी सांगितलं. त्याला मराठी कळत नव्हतं. आबा थोडा वेळ उभे राहिले आणि वळले. मला खाली जाता आलं असतं. दोन जिने होते.

नंतर आबांनी शिरूरच्या कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून एक अर्ज लिहून घेतला आणि पुण्याच्या सरकारी कचेरीत नेऊन दिला. म्हणणं एवढंच, की शाळा गावाची आहे, सगळे अधिकार एकट्याला द्यायला मी भर सभेत नको म्हटलं होतं, आणि ते वहीत लिहिलेलं आहे. वकील त्यांनी केला नाही. वकील केला की गावात बोभाटा होतो, असं त्यांचं मत होतं. आणि वकिलाची गरज काय, वहीत लिहिलेलं आहे ना. कचेरीनं तारीख लावली, संस्थेला कळवलं आणि आबांकडे ठरावाची नक्कल मागितली.

आबा ती नक्कल मागायला माझ्याकडे आले. दौंडला, माझ्या घरी, दोन गाड्या बदलून. बरोबर घरचे कांदे आणले होते. मी शाळेतून त्या पानाची झेरॉक्स काढून आणून ठेवली होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, उजेडात नेली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

‘‘ह्यात माझं ‘न्हाई’ कुठं हाय?’’

घरात आम्ही दोघंच होतो. खरं सांगायला यापेक्षा बरी वेळ पुन्हा कधी येणार नव्हती. मी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘या ओळीत.’’

‘‘कंचा शबुद?’’

ओळीत सगळ्यात ठसठशीत शब्द तोच होता. मी त्याच्यावर बोट नेलं.

‘‘खून करून द्या, मास्तर. तिथं गोंधळ नको. मेंढरांत आपलं मेंढरू वळखाया रंग लावत्यात, तशी.’’

पेपर तपासायचं लाल पेन टेबलावरच होतं. मी ‘सर्वानुमते’च्या खाली बरोबरची खूण केली, मुलांच्या वहीत करतो तशी. आबांनी कागदाची घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी बंडीच्या आतल्या खिशात सरकवली. ‘‘तारखंला संगं चला,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी असल्यावर मला धीर वाटंल.’’

मी हो म्हटलं. मला जायचंच होतं. अध्यक्षानं आदल्या दिवशीच मूळ वही माझ्या हाती देऊन सांगितलं होतं, ‘‘सर, संस्थेतर्फे तुम्ही जा. तुमचंच अक्षर आहे.’’

तारखेपर्यंत आठ दिवस होते. रोज मी ठरवायचो की आज वाट वाकडी करून आबांच्या वस्तीवर जायचं आणि सांगायचं. रोज एसटी त्या फाट्यावर थांबायची आणि पुढे निघायची.

कचेरीत अधिकारी बाई होत्या, शांत, समजूतदार. त्यांनी आबांना खुर्ची दिली. आबांनी पिशवीतून कागद काढला, टेबलावर पसरला आणि लाल खुणेवर अंगठा ठेवला.

‘‘बाईसाहेब, ह्ये बघा. ह्ये माझं ‘न्हाई’.’’

बाईंनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘आबा, इथं ‘सर्वानुमते’ असं लिहिलंय.’’

‘‘न्हाई, बाईसाहेब. नीट वाचा. तांबडी खून केलीया बघा तिथं. मास्तरांनी स्वता करून दिलीया.’’ आणि त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, धीर देतात तशी. त्यांना वाटलं, मी घाबरलो आहे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘हे तुमचं अक्षर?’’

‘‘हो.’’

‘‘मूळ वही आणलीय ना? तुम्हीच वाचून दाखवा. म्हणजे त्यांची खात्री पटेल.’’

मी वही उघडली. समास, मथळा, दोन रेघा, सगळं जागच्या जागी होतं. खाली आबांच्या अंगठ्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. अजूनही म्हणता आलं असतं, की बाई, हे मी खोटं लिहिलं आहे, सभेत एक हात वर होता. त्यात माझी नोकरी गेली असती की नाही, कोण जाणे. मी वाचलं. ‘‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’’ आवाज माझा वर्गातला होता, खणखणीत. शब्दन् शब्द ऐकू जाईल असा.

बाईंनी विचारलं, ‘‘सभेत असंच झालं होतं?’’

‘‘प्रोसिडिंगमध्ये आहे ते बरोबर आहे,’’ मी म्हणालो.

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. निकाल पोस्टानं येईल म्हणाल्या. आबांनी कागदाची पहिल्याच घडीवर घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवी खिशात ठेवली आणि दाराशी जाऊन माझ्यासाठी थांबले.

परतीच्या एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो, दुसरीकडे जागा नव्हती. हडपसर मागं पडलं, लोणी मागं पडलं, यवत आलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. वही माझ्या मांडीवर होती, आणि ती कुठे ठेवावी हे मला कळत नव्हतं.

केडगाव जवळ आलं तेव्हा ते बोलले.

‘‘मास्तर, त्यो शबुद काय व्हता?’’

‘‘सर्वानुमते.’’

‘‘म्हंजी काय?’’

‘‘सगळ्यांना मान्य होतं, असा अर्थ आहे.’’

‘‘सगळ्यास्नी,’’ आबा म्हणाले. ‘‘म्हंजी त्यात मी बी आलो.’’

‘‘हो, आबा.’’

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो, माफी मागितली असती, रडलो असतो कदाचित. एखादी गोष्ट नीट समजली की माणूस जशी मान हलवतो तशी त्यांनी ती हलवली. ती मान मला अजून दिसते, आणि मला तिची भीती वाटते. जर्मनीतला तो कारकून कोण होता, कसा होता, मला ठाऊक नाही. चौऱ्याण्णव ‘नाही’ त्यानं लिहिले. मला एक लिहायचा होता.

चौफुल्याला त्यांना शिरूरची गाडी धरायला उतरायचं होतं. ते उठले, खिशातून पिशवी काढली आणि माझ्या मांडीवरच्या वहीवर ठेवली.

‘‘ह्ये तुमच्यापाशी ठिवा, मास्तर,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाचता येत न्हाई.’’